कॉट बेसिस

बार्शीतून कोणी मुंबईला निघालं की त्याला दोन प्रश्न हमखास विचारतात. ‘काय काम काढलं?’ आणि ‘परत कधी?’ पहिल्याला मी ‘काम बघायला’ म्हणत होतो आणि दुसऱ्याला ‘बघू’. एवढ्या बघण्याच्या भांडवलावर २०१६ सालची भाऊबीज उरकून ३ नोव्हेंबरच्या रात्री मी लातूर-मुंबई एक्सप्रेसमध्ये चढलो.

वडील मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम. तूर, ज्वारी, हरभरा यांच्या पलीकडच्या जगावर त्यांचा राग नाही, फक्त तिथला भाव त्यांना माहीत नाही. पतसंस्थेतली आठ हजारांची कॉम्प्युटर ऑपरेटरची जागा मी सोडली हे ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘गिऱ्हाईक ठरलं नाही, भाव ठरला नाही, आणि तू गाडी भरून निघालास? माल उतरवणार कुठं?’’

‘‘डोंबिवलीला. मामांकडं.’’

‘‘म्हणजे गोडाऊनचं भाडं मेव्हण्याच्या बोकांडी,’’ असं म्हणून त्यांनी पेपर उघडला.

मला लिहिण्याचं काम हवं होतं. मालिका, जाहिराती, भाषांतरं, जे काही मराठीत लिहिल्यावर पैसे मिळतात ते सगळं मुंबईत असतं, अशी माझी माहिती होती. बार्शीत मराठी लिहून पैसे मिळवायची एकच जागा, लग्नपत्रिका. आणि तिचा मजकूर माझ्या आजोबांच्या लग्नापासून तोच आहे, फक्त नावं बदलतात. ‘बार्शी तिथं सरशी’ अशी आमच्याकडं म्हण आहे. ती आम्ही लहानपणापासून छाती काढून म्हणतो. पण बार्शी सोडल्यावर सरशीचं काय होतं, याबद्दल म्हण गप्प आहे.

आईने बंडीला आतून खिसा शिवला आणि त्यात पाचशे-हजाराच्या मिळून साठ हजारांच्या नोटा घालून वरून टाके मारले. माझं खातं गावातल्या सहकारी बँकेत, तिच्या शाखा सोलापूर जिल्ह्याबाहेर नाहीत. मुंबईत माणसाला भरवसा द्यायचा तर रोकड पाहिजे, असं घरात ठरलं होतं. सोबत पन्नास कडक भाकरी आणि दोन किलो शेंगाचटणी. कडक भाकरी महिनाभर टिकते. तेवढ्यात नोकरी लागेल असा आईचा हिशेब होता. नाही लागली तर भाकरी संपल्यावर हा आपोआप परत येईल, असाही असावा.

मी उतरलो कल्याणला. मुंबई अजून पन्नासेक किलोमीटर पुढं होती आणि पुढं बरेच दिवस ती तेवढीच पुढं राहिली.

मामांचं घर म्हणजे एक हॉल, एक स्वयंपाकघर आणि या दोघांच्या मध्ये एक फ्रिज. त्यात मामा, मामी, दहावीतली पिंकी आणि आता मी. ‘‘चार दिवस राहतो, तोवर जागा बघतो,’’ असं मी आल्या आल्या सांगून टाकलं. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. भाच्याचे किती, याचा उल्लेख कुठल्याच म्हणीत नसल्यामुळं मामीला काही बोलता आलं नाही. खरं तर ती बोलणारी नव्हतीच. फक्त रात्री गाद्या घालताना ती रोज नव्याने हिशेब करी. कुठल्या बाजूने डोकं केलं म्हणजे माझे पाय पिंकीच्या टेबलाखाली जातील पण बाथरूमचं दार उघडेल, हे गणित तिला तिसऱ्या रात्री सुटलं.

जागा शोधायला निघालो तेव्हा कळलं की मुंबईत घर आणि नोकरी यांचं नातं लग्न आणि वेडासारखं आहे. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही. एजंट पहिला प्रश्न विचारायचा, ‘‘फॅमिली की बॅचलर?’’ बॅचलर म्हटल्यावर त्याचा चेहरा पडायचा, पण अगदी मेलेला नसायचा. मग दुसरा प्रश्न, ‘‘जॉब कुठं?’’

‘‘बघतोय.’’

इथं तो स्कूटरची किल्ली फिरवायला लागायचा. तिकडं अंधेरीला, गोरेगावला मुलाखतीला जावं तर तिथंही पहिला प्रश्न, ‘‘राहता कुठं?’’

‘‘सध्या डोंबिवलीला मामांकडे. बघतोय.’’

तिथली बाई अर्जावर काहीतरी बारीक अक्षरांत लिहायची. ते अक्षर मला कधी वाचता आलं नाही, पण ‘बघतोय’ असणार.

शेवटी डोंबिवली पश्चिमेला एक वन आरके मिळायच्या बेतात आलं. आरके म्हणजे रूम आणि किचन हे मला माहीत होतं; त्या दोन अक्षरांच्या मध्ये भिंत असते हा माझा गैरसमज होता. ओटा खोलीतच होता, आणि एजंटने तो उत्साहाने ‘ओपन किचन’ म्हणून दाखवला. दार आत उघडत होतं आणि अर्ध्यावर येऊन गॅसच्या सिलिंडरला टेकत होतं, त्यामुळं घरात शिरताना अंग आडवं करून, पोट आत घेऊन शिरायचं. ‘‘अडीचशे फूट आहे,’’ मालक म्हणाले. मी नजरेने मोजत होतो. माझी उंची साडेपाच फूट. मी दोनदा आडवा आणि दोनदा उभा पडलो असतो तर खोली संपत होती. उरलेलं क्षेत्रफळ कुठं आहे असं विचारल्यावर एजंट जिन्याकडं, लिफ्टच्या खड्ड्याकडं आणि गेटजवळच्या शंकराच्या देवळाकडं बघून म्हणाला, ‘‘ते सुपर बिल्ट-अपमध्ये येतं.’’ भाड्याच्या सहा हजारांत देवळाचा काही भाग माझा होता, हे ऐकून मला जरा बरं वाटलं.

करार अकरा महिन्यांचा. अकराच का, हे मी एजंटला विचारलं. बारा झाले की नोंदणी करावी लागते, तो म्हणाला. वास्तविक २००० सालापासून लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, नोंदवावाच लागतो. पण अकराचा आकडा लोकांच्या अंगवळणी पडलाय. बाराव्या महिन्यात भाडेकरूच्या डोक्यावर शिंग उगवतं, असा एकूण समज दिसला.

मालकांनी माझ्याकडं निरखून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘नोकरी नाही ना अजून? मग डिपॉझिट पंचेचाळीस. नोकरीवाल्याला पंचवीसच घेतो. आणि कॅशच द्या, चेकबिकचं लफडं नको.’’ म्हणजे ज्याच्याकडं उत्पन्न आहे त्याला पंचवीस आणि ज्याच्याकडं नाही त्याला पंचेचाळीस. बेकारीवर एवढा अधिभार सरकारनेही कधी लावला नव्हता. पंचेचाळीस डिपॉझिट, सहा भाडं, सहा एजंटचे, झाले सत्तावन्न. उरले तीन हजार आणि भाकरी. मी म्हटलं, परवा सकाळी दहाला पैसे घेऊन येतो. बोलणं झालं सोमवारी. ‘परवा’ म्हणजे बुधवार, ९ नोव्हेंबर २०१६.

मंगळवारी रात्री आठला मामा टीव्हीपुढं जेवत होते. मी बंडीचे टाके ब्लेडने उसवत होतो. पाचशे आणि हजाराच्या नोटा मध्यरात्रीपासून चलनातून बाद, हे ऐकून मामांचा घास हातातच राहिला, आणि मग ते सावकाश वळून माझ्या बंडीकडं बघायला लागले. मामीही बघायला लागली. पिंकीसुद्धा. त्या क्षणी मी त्या घरातला सगळ्यात श्रीमंत आणि सगळ्यात कफल्लक माणूस होतो.

तरी बुधवारी दहाला मी मालकांकडं गेलो. शब्द दिला होता.

‘‘कॅश नको,’’ ते म्हणाले.

‘‘परवा तुम्हीच कॅश म्हणाला होता.’’

‘‘परवा ती कॅश होती.’’

याला काय उत्तर देणार? चेकबुक बार्शीत होतं. खोली आठवड्याने एका चेकवाल्याला गेली, देवळातल्या वाट्यासकट.

गुरुवारी बँका उघडल्या आणि मुंबईत पहिल्यांदाच माझ्या पात्रतेला मागणी आली. मामांची सोसायटी तीन मजली, चोवीस घरांची. त्यातली कमावती माणसं सकाळी साडेसातच्या आत फास्ट लोकलला लटकलेली. म्हातारी माणसं गुडघ्यांनी बेजार. आणि बँकेपुढची रांग तर सकाळी सहापासून कोपऱ्यावरच्या रसवंतीला वळसा घालून गेलेली. अशा वेळी अख्ख्या इमारतीत धडधाकट, साक्षर आणि दिवसभर पूर्ण मोकळा असा माणूस एकच होता. तळमजल्यावरचे निवृत्त काका आदल्या दिवसापर्यंत मला जिन्यात गाठून ‘‘मग, लागलं का काही?’’ असं विचारायचे. गुरुवारी सकाळी ते स्वतः दुसऱ्या मजल्यावर आले आणि म्हणाले, ‘‘तुम्ही आज फ्री आहात का?’’ ‘अरे’चं ‘तुम्ही’ झालं होतं.

मी रांगेत उभा राहायचो, नंबर जवळ आला की फोन करायचो, मग ते ते काका-काकू ओळखपत्राची झेरॉक्स घेऊन यायचे आणि माझ्या जागी उभे राहायचे. मागचे लोक आधी कुरकुरले, मग त्यांनीही मला नंबर धरायला सांगितलं. पहाटे पाचला लोक चपला, विटा, पाण्याच्या बाटल्या ठेवून जायचे. कोणती वीट कोणाची हे सांगणारा कोणीतरी लागतोच. माणशी चार हजार बदलून मिळत. हातात पडायची ती जांभळट-गुलाबी दोन हजारांची नोट आणि तिचे सुटे अख्ख्या फडके रोडवर कोणाकडं नसत. माणसं चार-चार तास उभी राहून पैसे मिळवत आणि पुन्हा भाजीवाल्याकडं उधारी लिहून घरी जात.

त्या दुपारी मामीने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि ‘साबुदाणा’ लिहिलेल्या डब्यातून एक रुमाल काढला. त्यात पाचशेच्या सतरा नोटा. ‘‘मामांना कळू देऊ नकोस. पिंकीच्या कानातल्याचे जमवलेत.’’ रात्री मामा मला पान खायच्या निमित्ताने खाली घेऊन गेले आणि पँटच्या चोरखिशातून हजाराच्या अकरा नोटा काढल्या. ‘‘मामीला बोलायचं नाही, भाचेबुवा. पिंकीच्या कानातल्याचे ठेवलेत.’’ मी दोघांनाही शब्द दिला आणि पिंकीच्या कानांचं बजेट साडेएकोणीस हजारांवर गेल्याचं एकटाच जाणून होतो. माझे साठ हजार मामांनी त्यांच्या खात्यात भरले. पण आठवड्याला काढता येत होते वीस-चोवीस हजार, त्यातही बँकेत रोकड असली तर. त्यामुळं माझ्याच पैशातले पाचशे रुपये मी रोज सकाळी मामांकडं हात पसरून मागत होतो आणि ‘‘कशाला पाहिजेत?’’ याचं उत्तरही देत होतो.

आठवड्याभरात बँकेत शाईची बाटली आली. मतदानाला लावतात ती. एकदा नोटा बदलल्या की बोटाला शाई, म्हणजे तोच माणूस परत यायला नको. मग बदलायची मर्यादा दोन हजारांवर आली आणि २४ नोव्हेंबरला तर बदलणंच बंद झालं. इमारतीतले काका पुन्हा ‘‘लागलं का काही?’’वर आले. त्या आठवड्यात गोरेगावच्या एका मुलाखतीत समोरच्या साहेबांनी माझ्या बोटाकडं बघून विचारलं, ‘‘सध्या काय करता?’’ मी खरं ते सांगितलं. ते इतके हसले की मला वाटलं काम झालं. झालं नाही.

पण रांगेने एक दिलं. बँकेतल्या स्लिपा भरताना लोक अडायचे, आणि माझ्याकडं पेन होतं. पतसंस्थेतली चार वर्षं मी दुसऱ्यांच्या स्लिपाच तर भरत होतो. तिथं एका गृहस्थाने माझं अक्षर बराच वेळ निरखलं. त्यांचं परळला भाषांतराचं छोटं ऑफिस होतं. कार्ड देऊन म्हणाले, ‘‘सोमवारी फोन करा.’’ मी केला. ‘‘पुढच्या सोमवारी करा.’’ हा पुढचा सोमवार फेब्रुवारीत आला.

दरम्यान डिसेंबर संपला, कडक भाकरी केव्हाच संपल्या, आणि मार्चमध्ये पिंकीची दहावी होती. मराठी घरात दहावीपुढं कोणाचं काही चालत नाही. पाहुणा जातो, टीव्ही जातो, केबल तर पहिल्यांदा जाते. मी स्वतःहूनच निघालो, कारण टीव्हीवर कापड टाकलेलं दिसल्यावर पुढचा नंबर माझा आहे हे कळायला भाषांतरकार लागत नाही.

करी रोडला विजेच्या खांबावर कागद चिकटवलेला होता. ‘जेन्ट्स. कॉट बेसिस. डिपॉझिट नाही.’ मुंबईत घर परवडत नसेल तर खोली, खोली परवडत नसेल तर कॉट, इथपर्यंत मला कल्पना होती. खोलीवाल्या मावशींनी त्याच्याही खालची पायरी दाखवली. ‘‘फुल कॉट तीन हजार. हाफ अठराशे.’’

‘‘हाफ म्हणजे दोघांनी एका कॉटवर?’’

‘‘शी! एका वेळी कशाला? तो रात्री ड्युटीला असतो.’’

‘तो’ म्हणजे भूम तालुक्यातला एक सिक्युरिटी गार्ड. बार्शीहून भूम काही लांब नाही. माझ्या वडिलांच्या आडतीवर त्याच्या चुलत्यांची ज्वारी येते हे आम्ही पहिल्या पाच मिनिटांत काढलं. तो रात्री आठ ते सकाळी आठ, एका जुन्या गिरणीच्या जागेवर झालेल्या टॉवरच्या गेटवर. त्या टॉवरमधले बरेचसे फ्लॅट रिकामेच, रात्री दिवा लागत नाही, असं तो सांगायचा. म्हणजे ज्या घरांत कोणी झोपत नाही त्यांची रात्रभर राखण करून तो सकाळी नऊला येऊन माझ्या उबेत झोपायचा. गादी कॉमन, चादर ज्याची त्याची. उशीला मध्ये दोन खळगे पडले होते, एक त्याचा आणि एक माझा. आम्ही एकमेकांना फारसं भेटलोच नाही. पण तो कुठल्या कुशीवर झोपतो, हे मला त्याच्या बायकोइतकं माहीत होतं.

खोलीत एकूण सहा कॉट आणि माणसं नऊ. समोरच्या चाळीत मात्र एकाच खोलीत याहून जास्त माणसं राहत आणि त्यांना कोणी भाडं विचारत नसे. ती होती गावकीची खोली. कोल्हापूर, सातारा, कोकण इकडच्या कितीतरी गावांनी गिरण्यांच्या काळात लालबाग-परळला अशा खोल्या केल्या. गावातून पोरगा आला की ट्रंक भिंतीशी लावायची, वळकटी फळीवर टाकायची, पाळीप्रमाणं झोपायचं, खानावळीत जेवायचं. नोकरी लागेपर्यंत गावच त्याला सांभाळून घेई. तिथल्या एका आजोबांनी मला ते नीट समजावलं. ते साठच्या दशकात आले तेव्हा चार महिने बदली कामगार म्हणून रोज सकाळी गेटवर उभे राहत. काम मिळालं तर आत, नाहीतर खोलीवर परत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर पडली, आणि ‘‘मग परत समदे गेटवरच,’’ असं म्हणून ते थोडा वेळ गप्प बसले.

‘‘तुमची नाय का खोली, बार्शीची?’’ त्यांनी विचारलं.

नाही. ही माझी गावाबद्दलची कायमची तक्रार आहे. आमच्याकडं स्वतःच्याच कापडगिरण्या होत्या, बाजारपेठ होती, सरशी होती. मुंबईत एक खोली घेऊन ठेवावी असं एकाही बार्शीकराच्या मनात आलं नाही. एवढ्या आत्मविश्वासाने पोराबाळांचं फार नुकसान होतं.

खोलीतला सावंतवाडीचा मुलगा मरीन लाइन्सला केटरिंगमध्ये होता. एका रविवारी तो मला धोबीतलावला जेर महल इमारतीत घेऊन गेला, कोणाला तरी डबा द्यायला. जुना लाकडी जिना, आणि वर एकेका दारावर गोव्यातल्या एकेका गावाचं नाव. हे ‘कूड’. एकोणिसाव्या शतकापासून गोव्याचे ख्रिस्ती लोक जहाजावर नोकरी शोधायला मुंबईत येत, आणि जहाज मिळेपर्यंत आपल्या गावच्या कुडीत राहत. आत भिंतीला लागून ट्रंकांची रांग, एका टोकाला वेदी, तिच्यापुढं मेणबत्ती. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची, तिला दांडी चालत नाही. दोन-तीन वयस्क खलाशी पत्ते खेळत होते. त्यांना नोकरीबद्दल विचारलं तर ‘बोट लागायची आहे’ म्हणाले. एसटीची वाट बघावी तसं. मला त्यांचा भयंकर हेवा वाटला. हा माणूस बेकार नाही, बोटीची वाट बघतोय. मीही पुढं काही दिवस ‘‘लागलं का काही?’’ला ‘‘बोट लागायची आहे’’ असं उत्तर देऊन पाहिलं. मामांनी बार्शीला फोन करून माझी चौकशी केली.

हाफ कॉटची गोम मला पहिल्याच सोमवारी कळली. सकाळी नऊला कॉटचा दुसरा मालक यायचा, ते संध्याकाळी सातपर्यंत. म्हणजे बेकार असूनही मला रोज सकाळी साडेआठला इस्त्रीचा शर्ट घालून घराबाहेर पडणं भाग होतं. नोकरी नसलेला मुंबईतला सगळ्यात वक्तशीर माणूस मी असेन. ऑफिसच्या गर्दीत धक्के खात, ‘चला, पुढे चला’ ओरडत मी सीएसटीला उतरायचो, आणि तिथं उतरल्यावर मला कुठंही जायचं नसायचं.

फुकट बसायच्या जागांचा मग मी पद्धतशीर अभ्यास केला. हॉर्निमन सर्कलची बाग दुपारी उत्तम. तिथं बँकांतली माणसं डबा खाऊन बूट काढून झोपतात, त्यात आपण खपून जातो. मात्र अडीचनंतर तेच बाक आपल्याकडं संशयाने बघायला लागतात. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ पासूनचं. वाचनकक्षात पंखा, शांतता आणि माझ्यासारखेच चार ‘वाचक’. आमच्यातला एकजण रोज तेच पान उघडून बसायचा आणि अकराच्या सुमाराला उजळणी म्हणून घोरायचा. लोअर परळच्या मॉलमध्ये एसी, पण बसू देत नाहीत, सतत फिरावं लागतं. तिथं गार्ड ढकलून देईल अशी भीती वाटायची. मग मी पतसंस्थेचं जुनं ओळखपत्र गळ्यात अडकवलं, कार्ड शर्टच्या खिशात आणि निळी पट्टी तेवढी बाहेर. त्या दिवसापासून गार्ड सलाम करायला लागले. बार्शीत त्याच पट्टीने मला चार वर्षांत कोणी चहा पाजला नव्हता.

पण सगळ्यात सुखाची जागा म्हणजे दुपारची लोकल. कल्याणपर्यंतचा पास काढला की दुपारी बारा ते चार खिडकी, वारा आणि बसायला बाक, हव्या तितक्या फेऱ्या. पंखा अडला तर कंगव्याने पाती फिरवून द्यायची, तो लगेच सुरू होतो. कंगवा नसलेला माणूस शेजारच्याकडं मागतो. अठराशेची कॉट आणि हा पास मिळून माझं मुंबईतलं वन आरके पूर्ण होत होतं. झोपायची खोली करी रोडला आणि हॉल मध्य रेल्वेवर.

फेब्रुवारीतल्या त्या पुढच्या सोमवारी परळच्या गृहस्थांनी बोलावलं. काम होतं मोबाईल वॉलेटचं मराठी. नोटबंदीने पैसे फोनमध्ये गेले होते आणि फोनला मराठी येत नव्हतं. ‘रोख रकमेची चिंता सोडा’, ‘आता रांगेत उभं राहायची गरज नाही’ अशी वाक्यं मी एका बैठकीत पन्नास लिहिली. ‘इन्सफिशियंट बॅलन्स’ला काय म्हणायचं यावर ऑफिसात दोन तास खल झाला. कोणी ‘अपर्याप्त शिल्लक’ म्हणे, कोणी ‘न्यून शेष’. मी म्हटलं, ‘‘‘खात्यात पुरेसे पैसे नाहीत’ असं सरळ लिहा, लगेच कळतं.’’ साहेबांनी चष्म्यावरून बघून विचारलं, ‘‘अनुभव आहे का?’’ आणि मला ठेवून घेतलं. पगार ठरला पंधरा हजार. पहिला चेक पंचेचाळीस दिवसांनी.

वडिलांना फोन केला. त्यांनी पहिलं विचारलं, ‘‘भाव ठरला?’’ मी सांगितला. थोडा वेळ तिकडून मार्केट यार्डातला गलका ऐकू आला. ‘‘आणि माल कुठं उतरवलास?’’ करी रोडला, मी म्हटलं. कॉटचं मात्र बोललो नाही. अर्ध्या गोडाऊनचा व्यवहार आडतीत चालतो, पण सांगायचा नसतो.

एप्रिलमध्ये बार्शीहून एका मित्राच्या धाकट्या भावाचा फोन आला. बारावी झाल्यावर मल्टिमीडियाचा कोर्स केलाय, मुंबईला यायचंय, काम बघायला. ‘‘दादा, चार दिवस तुझ्याकडं राहू का?’’

मी मनाशी हिशेब केला. भूमचा गडी संध्याकाळी सातला उठतो, मी नऊला येतो. सकाळी मी सातला उठतो, तो नऊला येतो.

‘‘ये,’’ मी म्हटलं. ‘‘सात ते नऊ कॉट रिकामीच असते. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. आणि हे बघ, येताना उशी घेऊन ये. आमच्या उशीत तिसऱ्या खळग्याला जागा नाही.’’